हिवाळ्यात नॅरोबोटीवर: ब्राउन्स्टन ते स्टोक ब्रुअर्न

इंग्लंडच्या कालव्यांवर नॅरोबोटीने, म्हणजे आत राहता येईल अशा लांब, अरुंद बोटीने, लोक जातात ते उन्हाळ्यात. भाड्याने बोटी देणारे बरेचजण ऑक्टोबर संपला की बोटी काठाला बांधतात, त्या मार्चमध्येच सोडतात. मी गेले जानेवारीत, बारा महिने बोटीवरच राहणाऱ्या मैत्रिणीबरोबर. ज्यांना थंडी सोसते त्यांनी हिवाळ्यातच जावं, असं माझं आता ठाम मत आहे. फक्त मैल मोजून बेत आखू नका. हिवाळ्यात बोट चालते ती कोळसा, पाणी आणि संडासाची टाकी या तिघांच्या तालावर.

आमचा मार्ग ग्रँड युनियन कालव्याचा. ब्राउन्स्टनला सहा लॉक (दोन्हीकडे दरवाजे असलेले हौद, ज्यांत पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात) चढायची, बोगदा ओलांडायचा, बकबीची सात लॉक उतरायची, आणि मग वीडन, बगब्रुक करत ब्लिसवर्थ बोगद्यापलीकडच्या स्टोक ब्रुअर्नपर्यंत एकही लॉक नाही. हा सपाट पट्टा मैत्रिणीने मुद्दाम निवडला होता. नोव्हेंबर ते मार्च या काळात कालव्यांची देखभाल करणारी संस्था, कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट, मोठी दुरुस्ती काढते. लॉक कोरडं करून ओकचे जुने दरवाजे बदलतात आणि तेवढा कालवा कित्येक आठवडे बंद असतो. त्याची यादी आधीच जाहीर होते. ती पाहिल्याशिवाय मार्ग ठरवू नका. नदीतून जाणारे भागही टाळा. ऑक्सफर्ड कालवा काही ठिकाणी चर्वेल नदीच्या पात्रातूनच जातो, आणि पावसाने नदी चढली की तिथे थांबून राहावं लागतं.

बोट जेमतेम दोन मीटर रुंद, पोलादी. पुढच्या खोलीत स्टोव्ह, मागे झोपायची जागा. स्टोव्हपाशी स्वेटर काढावा लागतो आणि पलंगापाशी नाक गार पडतं. या स्टोव्हची निगा ही रोजची मुख्य कामगिरी. सकाळी जाळी हलवून राख पाडायची, निखाऱ्यांवर थोडा धूररहित कोळसा टाकायचा, खालची हवा उघडायची आणि धरला की हळूहळू कमी करत आणायची. रात्री पुरेसा कोळसा भरून हवा अगदी बारीक ठेवली की पहाटेपर्यंत विस्तव टिकतो. ज्यांनी आजोळी बंब पेटवला आहे त्यांचा हात लगेच बसेल. ओलं लाकूड मात्र जाळू नका. उष्णता कमी आणि धुराड्यात डांबर जास्त. तुरीची डाळ आम्ही स्टोव्हवरच ठेवायचो. दुपारी बोट बांधेपर्यंत ती मऊ शिजलेली असायची.

गारठा आत येतो म्हणून हवेची भोकं चिंधीने बुजवायचा मोह होतो. कृपा करून बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी बटण दाबून बघा. खिडक्यांवर रोज सकाळी पाणी जमतं, ते पुसायला जुना टॉवेल जवळ ठेवा. गॅसचं सिलिंडर प्रोपेनचंच हवं. गोठणबिंदूच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही आणि चहा अडतो.

काठावरचे पाण्याचे नळ गोठतात. म्हणून टाकी अर्धी झाली तरी नळ दिसला की भरून घ्या. संडासाची पेटी रिकामी करायची जागाही आधीच नकाशावर हेरून ठेवा. कोळसा-डिझेल विकणाऱ्या बोटी कालव्यावर फिरतात. त्यांची फेरी कधी आहे हे विचारून घ्या.

एका सकाळी कालव्यावर बर्फाचा पातळ थर होता. पोलादी बोट तो फोडू शकते, पण बर्फाच्या धारेने पाण्याच्या रेषेवरचा काळा लेप खरवडला जातो आणि बाजूला सरकणारे तुकडे शेजारच्या फायबरच्या किंवा लाकडी बोटींना लागतात. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. कायमची जागा नसलेल्या बोटींना एका ठिकाणी साधारणपणे चौदा दिवसच राहता येतं, पण बर्फात अडकलात तर तसं ट्रस्टला कळवायचं. १९६२–६३च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले आणि मालवाहतुकीच्या धंद्याला तो मोठा धक्का बसला. काठावर उभं राहून तो बर्फ बघताना माल घेऊन अडकलेल्या, बोटीवरच राहणाऱ्या त्या कुटुंबांची आठवण येत राहिली.

लॉकवर घाई नको. दरवाजावरच्या अरुंद फळीवर दव गोठलेलं असतं. कठडा धरा, आणि विंडलास (लॉकच्या पाण्याच्या झडपा उघडायचा हँडल) फिरवताना हातमोजा सैल नको. उतरताना मागच्या दरवाजाजवळ पाण्याखाली दगडी उंबरा असतो, त्याची खूण भिंतीवर रंगवलेली असते. बोट कायम त्या खुणेच्या पुढे ठेवा. पाणी फार खोल नसलं तरी इतक्या गार पाण्यात पडल्यावर श्वासच अडतो, म्हणून लाइफ जॅकेट घाला.

ब्लिसवर्थचा बोगदा १८०५ सालचा, जवळपास २.८ किलोमीटर लांब. आत काठची वाट नाही. हवेच्या विवरांतून पाणी टपकतं, तेव्हा टिलरवर (सुकाणूच्या दांड्यापाशी) उभं राहणाऱ्याने रेनकोट घालावा. समोरून बोट आली तर दोन्ही जाऊ शकतात. वेग कमी करून उजवीकडे राहायचं.

उजेड आठ ते चार एवढाच, त्यामुळे तीनच्या सुमाराला बांधायची जागा शोधायला लागा. पहिल्यांदाच जाणार असाल तर हिवाळ्यात बोट देणाऱ्याकडून लांब शनिवार-रविवार घ्या, आणि पैसे भरण्याआधी विचारा: स्टोव्ह आहे का, कोळसा भाड्यात येतो का, आणि बर्फ पडून निघताच आलं नाही तर पैसे परत मिळतात का.