तुम्ही विचारलंत म्हणून: दोन फ्यूजच्या गाडीत आणखी फ्यूज कशाला?

माझ्या मार्क टू ॲम्बेसेडरचे बॉनेट उघडले आणि बॅटरीशेजारी बसवलेली नवी फ्यूजपेटी दिसली, की कोल्हापुरातले जुन्या गाड्यांचे शौकीन हमखास विचारतात: कंपनीने दोनच फ्यूज दिले होते, त्यावर गाडी इतकी वर्षे चालली, मग हा जादा पसारा कशासाठी?

ते दोन फ्यूज त्या काळच्या लोडला पुरेसे होते. माझ्या गाडीत एकावर हॉर्न, दुसऱ्यावर वायपर आणि ब्रेक लाइट आहेत. हेडलाइटला मात्र फ्यूजच नाही. त्यांचा सारा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि पायाखालच्या डिपरमधून (दिव्यांचा झोत वर-खाली करणाऱ्या बटणातून) फिरून दिव्यांपर्यंत जातो. 60 वॉटचे दोन बल्ब म्हणजे 12 व्होल्टला 10 अँपिअर. स्विचच्या पत्तीवर हिरवा गंज चढला, की व्होल्टेज तिथेच पडते आणि दिवे पिवळे दिसू लागतात. अशाच जुन्या वायरीला सोलून, टेप गुंडाळून फॉग लॅम्प आणि चार्जर जोडलेले मी अनेक गाड्यांत पाहिले आहेत. वायर तापते आहे हे तेव्हा वास आल्यावरच कळते.

पावसाळ्यात रात्री गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना वायपर बंद पडणे म्हणजे काय, हे तिथून गेलेल्याला सांगायला नको. पाणी शिरून फॉग लॅम्प शॉर्ट झाला, तर फक्त फॉग लॅम्पचा फ्यूज उडावा, वायपर आणि ब्रेक लाइट चालूच राहावेत, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे. नंतर जोडलेल्या वस्तूने मूळच्या वस्तूला सोबत घेऊन बुडू नये.

म्हणून मूळच्या वायरिंगमधली एकही वायर मी कापली नाही. बॅटरीतून 6 चौरस मिलिमीटरची वायर काढली आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच तिला 30 अँपिअरचा मुख्य फ्यूज दिला, कारण बॅटरी आणि हा फ्यूज यांमधल्या तुकड्याला कुठलेच संरक्षण नसते. तिथून ती रिलेच्या, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, 30 क्रमांकाच्या पिनला येते आणि 87 मधून नव्या पेटीत जाते. 86 ला किल्लीचा करंट, 85 ला बॉडी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोडणी. किल्लीवर फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ भार येतो. केबिनच्या पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (कडी) घालायलाच हवा. पत्र्याची धार इन्सुलेशन हळूहळू कापत जाते. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) कोल्हापूरच्या उद्यमनगरातून चांगल्या प्रतीचे आणावेत आणि साध्या पकडीने चेपण्याऐवजी योग्य साधनाने क्रिंप करावेत, म्हणजे घट्ट दाबून बसवावेत.

फ्यूज किती अँपिअरचा, हे वस्तूकडे नव्हे, वायरीकडे पाहून ठरते. तो वायरीचा राखणदार आहे. 1 चौरस मिलिमीटरच्या साध्या पीव्हीसी वायरीला मी साडेसातचा तपकिरी, तर 2 चौरस मिलिमीटरच्या वायरीला फार तर 15 चा निळा फ्यूज लावतो. इथे एक फसगत कायम होते. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या काचेच्या फ्यूजवरचा 35 हा आकडा तो उडण्याचा आहे. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता साधारण 17 अँपिअर असते. त्याच्या जागी आजचा 35 चा फ्यूज बसवला, तर तो सुखरूप राहतो आणि वायर जळते. उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांबद्दल तर काय बोलावे. वायरिंगला लागलेल्या आगीत अख्खी गाडी जाते.

जोडकामाआधी गाडीचे अर्थिंग निगेटिव्ह आहे की पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे, हे तपासावे. ब्रिटिश धर्तीच्या अनेक जुन्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात आणि उलटा जोडलेला चार्जर जागच्या जागी जळतो.

राहिला प्रश्न आणखी किती वस्तू जोडाव्यात याचा. फ्यूज वाढल्याने करंट वाढत नाही. इंजिनवर फिरून वीज तयार करणारा माझा डायनमो जास्तीत जास्त 22 अँपिअर देतो आणि घाटात इंजिन मंद फिरताना त्याहूनही कमी. हेडलाइटचे 10, 55 वॉटच्या दोन फॉग लॅम्पचे 9, त्यावर इग्निशन कॉइल आणि वायपर धरले, की हिशेब 22 च्या पुढे जातो आणि उरलेला भार बॅटरी सोसते. त्यामुळे नव्या पेटीतल्या दोन जागा मी रिकाम्या ठेवल्या आहेत; डायनमोच्या जागी जास्त करंट देणारा अल्टरनेटर बसेपर्यंत तिथे काहीही जोडणार नाही.