दुपारी तीनची पाहणी

विदर्भात मे महिन्यातली कुठलीही स्थळपाहणी सकाळी सातला उरकतात. गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरायचा, चार फोटो काढायचे आणि ऊन चढायच्या आत कार्यालयात परतायचं. नव्या बागेच्या जागेची पाहणी दुपारी तीनला ठेवा असा मी हट्ट धरला तेव्हा नगर अभियंत्यांनी फोनवर शांतपणे विचारलं, "तीन म्हणजे पहाटेचे का, मॅडम?"

जागा शहराच्या अगदी पोटातली. बाजार समितीचं जुनं आवार. समिती हमरस्त्यावर गेली आणि कापसाच्या बैलबंड्या उभ्या राहायच्या ती अडीच एकर जमीन नगर परिषदेकडे आली. एका अंगाला भाजीची गुजरी, दुसऱ्या अंगाला एसटी स्टँडकडे जाणारा रस्ता, मागे शाळेची भिंत. गुजरीच्या कडेनं जुने कडुनिंब ओळीत उभे. बैलांना सावली हवी म्हणून कधीकाळी कुणीतरी लावलेले. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला २०२१च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे कायद्यानं 'वारसा वृक्ष' म्हणतात, म्हणून ते टिकले. पहिल्या नकाशात तिथे दुचाकींचं पार्किंग होतं.

तो पहिला नकाशा दुसऱ्या सल्लागाराचा. मला नंतर बोलावलं, तेही फक्त झाडांची यादी करून देण्यासाठी. नकाशात मधोमध कारंजं, भोवती गोल हिरवळ, हिरवळीच्या कडेनं रॉयल पाम, शहराच्या नावाची लाल अक्षरं असलेला सेल्फी पॉइंट, चारी बाजूंनी भाल्याच्या टोकांचं उंच रेलिंग, कमान असलेलं एकच फाटक, फाटकाला तिकीट खिडकी. स्वच्छतागृह मागच्या कोपऱ्यात, शाळेच्या भिंतीला चिकटून, "दिसू नये म्हणून". अशा बागा आपल्याकडे गावोगावी आहेत. उद्घाटनाच्या फोटोत फार छान दिसतात.

तर तीन वाजता आम्ही जमलो. मुख्याधिकारी, नगर अभियंता, ठेकेदार, उद्यान विभागाचे जुने माळी, एक माजी नगरसेवक आणि त्यांची दोन माणसं. पारा चव्वेचाळीसच्या पुढे. मुख्याधिकारी बाई तरुण, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी सरळ विचारलं, कारंजं कुठे येणार? आम्ही सगळे मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिलो. नगर अभियंते कारंज्याच्या पंपाची अश्वशक्ती सांगू लागले, पण वाक्य पुरं व्हायच्या आत माजी नगरसेवकांनी दुपट्टा डोक्यावर घेतला आणि चालू पडले. मग त्यांची माणसं. मग ठेकेदार. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण पाचेक मिनिटांत अख्खी पाहणी गुजरीकडच्या निंबाखाली येऊन थांबली होती.

तिथे आधीच माणसं होती. ऑटोवाले, उसाच्या रसाची गाडी, शिकवणीच्या मधल्या वेळेत बसलेली पोरं, डबा सोडून बसलेल्या भाजीवाल्या. कुणी विटेवर, कुणी पाटीवर, कुणी उलट्या कॅरेटवर. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. मला नेमकं हेच मुख्याधिकाऱ्यांना दाखवायचं होतं, पण माझं भाषण वाया गेलं. एका भाजीवालीनं कॅरेट पुढे सरकवला, "बसा मॅडम," आणि मॅडम बसल्या.

नकाशा जमिनीवर पसरला तशी ती बाई वाकून बघू लागली. इथे काय, तिथे काय, सगळं विचारून घेतलं. स्वच्छतागृहावर माझं बोट आलं तेव्हा म्हणाली, "तिकडं अंधारात कोन जाईन? आमी सकायपासून घोटभर पानी पेत नाई, जावाचं कुठी म्हनून. रस्त्याले लागून करा, दिवा लावा. दार मात्र पानटपरीकडं नोका ठेवू."

मुख्याधिकाऱ्यांनी पेन काढलं आणि मागच्या कोपऱ्यातला चौकोन खोडून गुजरीच्या कडेला काढला. दार कुठल्या बाजूला, हे त्या बाईलाच विचारलं. नगर अभियंत्यांचा चेहरा पडला. मलवाहिनीची लांबी बदलते, अंदाजपत्रक बदलतं, पुन्हा तांत्रिक मान्यता. त्यांचं चूक नव्हतं. पण तो चौकोन हलला तशी बागेची मागची बाजू पुढे आली, आणि पुढचा तासभर आम्ही मध्याचं नाव न काढता फक्त कडेवर बोलत राहिलो.

खरं भांडण रेलिंगचं. माजी नगरसेवक म्हणाले, कुंपण काढलंत तर रात्री दारूच्या बाटल्या मोजायला या. या भीतीला मी हसत नाही. बाटल्या मीही पाहिल्यात. मी त्यांना न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कची गोष्ट सांगितली. ऐन मॅनहॅटनमधली बाग. १९३४ साली नव्यानं आखताना रस्त्यापेक्षा उंचावर घेतली, भोवती लोखंडी कुंपण आणि झुडपांच्या भिंती, आत जायच्या वाटा मोजक्या. हेतू शांततेचा होता. पण आत काय चाललंय ते बाहेरून दिसेना, आणि सत्तरच्या दशकात ती अंमली पदार्थ विकणाऱ्यांची हक्काची जागा झाली. विल्यम व्हाइट नावाचा गृहस्थ शहरातल्या चौकांत कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात हेच बघत असे. त्यानं सांगितलं, झुडपं काढा, वाटा वाढवा, बाग रस्त्याला दिसू द्या. १९८८ मध्ये बाग बंद करून काम केलं, १९९२ मध्ये उघडली, हलवता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या, आणि तिथे जेवणाच्या सुटीत गर्दी होऊ लागली.

"ते न्यूयॉर्क झालं," नगर अभियंते म्हणाले. "इथे सुट्या खुर्च्या सकाळी भंगारात सापडतील." यावर सगळे हसले, मीही. खुर्च्या तिथेच सोडल्या. पण रेलिंगच्या जागी पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीची रुंद दगडी बैठक आली, दोन्हीकडे तोंड करून बसता येईल अशी, आणि एका फाटकाऐवजी चार मोकळ्या वाटा. चारही वाटांना एकास बाराचा उतार, म्हणजे चाकाची खुर्चीही जाते आणि भाजीची हातगाडीही. हातगाडी आत येऊ द्यायची का, यावर मुख्याधिकारी आणि मी दोघीही गप्प राहिलो. काही गोष्टी कागदावर न आणलेल्या बऱ्या. शाळेच्या बाजूचं कुंपण तेवढं ठेवलं, आणि ते योग्यच होतं.

पामचा निकाल माळीकाकांनी लावला. ठेकेदार पामची शोभा सांगत होता. काका म्हणाले, "साहेब, याच्या सावलीत एक माणूस मावते, तेही उभं." मग यादी भराभर झाली: आतल्या वाटांना करंज आणि शिरीष, हिरवळीच्या कडेला बहावा आणि ताम्हण, हिरवळ निम्मी. दोन पाम आधीच खरेदी झाले होते. ते सेल्फी पॉइंटच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत. सेल्फी पॉइंट वाचला, अर्थात. तो माजी नगरसेवकांचा होता.

निंबांपाशी एक जुनाच वाद निघाला. निविदेत पेव्हर ब्लॉक थेट खोडापर्यंत होते. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं, ते मी काढून दाखवलं. आदेश दिल्लीचा, पण इंग्रजीतला छापील कागद बघून ठेकेदारानं मान डोलावली. मोकळ्या मातीचं आळं, आणि त्याच्या बाहेर बसता येईल असा पार. पाराला आमच्या दरसूचीत स्वतंत्र बाब नाही. "वर्तुळाकार दगडी बैठक" अशी नोंद झाली. कारंज्याचे पैसे पाणपोई आणि दिव्यांकडे वळले. हायमास्ट, म्हणजे चौकात असतो तसा उंच खांबावरचा दिव्यांचा घोस, मी नको म्हटलं. एवढ्या उंचावरचा उजेड पानांवरच अडतो आणि झाडाखाली, जिथे बायका बसणार, तिथेच काळोख राहतो. फांद्यांच्या खाली राहतील असे बुटके खांब घेतले.

साडेपाचला पाहणी संपली. रसवाल्यानं कुणाकडूनच पैसे घेतले नाहीत. त्याची गाडी आराखड्यात बसली होती.

बाग उघडली ती पुढच्या वर्षी, तिकिटाशिवाय. पहिल्याच उन्हाळ्यात वरून वेळापत्रकाचा फलक आला: सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते आठ. पुण्यातल्या कितीतरी महापालिका उद्यानांना भर दुपारी कुलूप असतं, तोच कित्ता. फलक लागला, पण चार वाटांना लावायला फाटकच नव्हतं. रखवालदार दोन दिवस शिट्टी वाजवून दमला. आता दुपारी पारावर भाजीवाल्या, ऑटोवाले आणि शाळेतून पोरं न्यायला आलेल्या आज्या असतात, आणि हिरवळ पाचपर्यंत रिकामी. रात्री शिरीषाच्या बाजूला बाटल्याही सापडतात. माजी नगरसेवक मला त्यांचे फोटो नेमानं पाठवतात.

अडलंय ते स्वच्छतागृहाचं. त्याचा माणूस संध्याकाळी सहाला कुलूप लावून जातो, कारण कंत्राटात एकच पाळी आहे. गुजरी मात्र नऊपर्यंत चालते. ज्या बाईनं दाराची जागा सांगितली तिच्या बचत गटानं देखभालीसाठी दरपत्रक दिलंय. ते लिहायला मी बसले होते. दुसऱ्या पाळीचा पगार आणि फिनाइलचा खर्च मांडल्यावर त्यांचा आकडा आताच्या ठेकेदारापेक्षा थोडा जास्त निघतो. फाइल लेखा विभागात आहे. सोमवारी पुन्हा जायचंय.