चॉकलेटची ॲलर्जी तपासायची? आधी वेष्टन जपून ठेवा

चॉकलेट खाल्लं आणि अंगावर पित्त उठलं, की सगळा दोष कोकोवर जातो. खरं तर कोकोची ॲलर्जी फार क्वचित आढळते. त्याच वडीत दूध असतं, सोया लेसिथिन असतं, कधी हेझलनट, काजू, बदाम किंवा शेंगदाणे असतात, वेफरच्या चॉकलेटात गहूही. म्हणून ॲलर्जीतज्ज्ञाकडे जाताना त्या चॉकलेटचं वेष्टन न्या. किती खाल्लं, किती मिनिटांनी त्रास सुरू झाला आणि सोबत आणखी काय खाल्लं होतं, तेही लिहून न्या.

निम्मं उत्तर इथेच मिळतं. पेढा, बासुंदी, पनीर बिनत्रास पचत असेल तर दुधावरचा संशय जवळजवळ मिटतो. शेंगदाण्याची चटणी रोज चालत असेल तर शेंगदाणाही सुटला. हेझलनट मात्र आपल्या घरात एरवी फारसं येत नाही, त्यामुळे त्याच्याकडे नीट पाहावं लागतं. खरी ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी किंवा नुसती जळजळ या तपासणीत सापडत नाही.

पहिली तपासणी त्वचेवरची, म्हणजे स्किन प्रिक टेस्ट. हातावर संशयित पदार्थांच्या अर्काचे थेंब ठेवून त्यातून त्वचा हलकेच टोचतात. रक्त येत नाही. सोबत तुलनेसाठी हिस्टामीन (याची गांध उठायलाच हवी) आणि सलाईन म्हणजे मिठाचं पाणी (याची उठू नये) यांचाही एकेक थेंब असतो. पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांध मोजतात. सलाईनच्या गांधीपेक्षा ती किमान ३ मिलिमीटर मोठी असेल तर पॉझिटिव्ह.

ही टेस्ट फसते ती बहुतेक गोळ्यांमुळे. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन अशी ॲलर्जीची गोळी साधारण आठवडाभर आधी बंद ठेवावी लागते, आणि सर्दीच्या गोळ्यांत, खोकल्याच्या औषधांतही असे घटक दडलेले असतात. ते पोटात असतील तर हिस्टामीनचीही गांध उठत नाही आणि सगळीच टेस्ट वाया जाते. चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवा, पण मनाने काही बंद करू नका. कोकोचा तयार अर्क मिळाला नाही तर डॉक्टर खरा पदार्थ वापरूनही टोचून पाहू शकतात.

गोळ्या थांबवणं शक्य नसेल किंवा त्वचेवर खूप इसब असेल तर रक्तातलं स्पेसिफिक आयजीई, म्हणजे त्या ठरावीक पदार्थाविरुद्धचं ॲलर्जीचं प्रतिपिंड (अँटिबॉडी) तपासतात. ०.३५ युनिटच्या (kU/L) वरचा आकडा पॉझिटिव्ह धरला जातो, पण त्याचा अर्थ शरीराने तो पदार्थ ओळखला आहे, एवढाच. तो खाऊन काहीच होत नसेल तर त्या आकड्यासाठी मुलाच्या ताटातून काही काढू नका. शे-दीडशे पदार्थांची 'आयजीजी' तपासणी तर करूच नका. आयजीजी हे वेगळ्या प्रकारचं प्रतिपिंड आपण नेहमी खातो त्या अन्नाविरुद्धही तयार होतं, त्यातून ॲलर्जी कळत नाही, आणि असे रिपोर्ट पाहून पालक मुलांचं दूध-गहू उगाच तोडतात.

शंका उरलीच तर शेवटचा निर्णय प्रत्यक्ष खाऊन होतो. रुग्णालयात, ॲड्रेनलिन (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) हाताशी ठेवून, कणभरापासून सुरुवात करतात आणि पंधरा ते तीस मिनिटांच्या अंतराने मात्रा वाढवत नेतात. घरी हे करून पाहू नका. आधी श्वास लागला असेल किंवा ओठ-जीभ सुजली असेल तर मुळीच नाही.

दूध हेच कारण निघालं तर डार्क चॉकलेट निर्धोक समजू नका. तेही बऱ्याचदा दुधाच्या चॉकलेटच्याच यंत्रांवर बनतं. घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची सूचना असते, ती दर खरेदीला नव्याने वाचा. त्याच ब्रँडचे घटक बदलू शकतात.