आमची वाटचाल : छापखान्यातून प्रकाशनाकडं

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचा छापखाना. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल ही रोजची भाकरी. पुस्तकं मागाहून आली, तीही लेखकाच्या खर्चानं. येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘आयएसबीएन मिळेल ना?’ पुस्तकाचा हा ओळख-क्रमांक प्राध्यापकांना बढतीसाठी लागतो. खरं तर आपल्याकडं हा नंबर राजा राममोहन रॉय एजन्सी फुकट देते आणि पुस्तक सकस की टाकाऊ याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण त्याच्या शेजारी आमचं नाव छापलं जायचं, ते सलायला लागलं.

म्हणून संपादक मंडळ केलं. मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका, एक ग्रंथपाल, इतिहासाचे अभ्यासक, आमचे जुने मुद्रितशोधक आणि तालमीतले एक वस्ताद. वस्तादांचं नाव ऐकून बरेच जण हसले. पुढं कुस्तीवरचं हस्तलिखित आलं. त्यात ‘धोबीपछाड’ म्हणून जे वर्णन होतं, त्यात पैलवान वाकून, खाली शिरून, समोरच्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घेत होता. वस्ताद म्हणाले, “अवो, ही कलाजंग झाली! धोबीपछाडीत हात धरून पाठीवरनं आपटायचं असतं.” आमच्या डीटीपीवाल्या पोराला उभं करून त्यांनी दोन्ही डाव दाखवले. आपटलं नाही, एवढी मेहरबानी. त्याच पुस्तकात इतिहासवाल्या सरांनी खासबाग मैदानाचं साल 1921 खोडून 1912 केलं. प्राध्यापिका बाईंनी पाल्हाळ छाटला आणि 320 पानांची 240 झाली. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, तो एक फॉर्म. त्या हिशेबात वीसाचे पंधरा फॉर्म, म्हणजे कागद, प्लेटा, बांधणी सगळ्यातच बचत.

मंडळाला मानधन देतो, थोडं का असेना. फुकटचा सल्ला कुणी मनावर घेत नाही, देणाराही नाही. लेखकाचं नाव झाकून हस्तलिखित जातं, अभिप्राय लेखी येतो. मंडळातल्या कुणाचं स्वतःचं पुस्तक असेल तर त्या बैठकीला त्यांनी यायचं नाही. प्रती किती, किंमत किती, हे मी ठरवतो. छापायचं की नाही, हे मंडळ. त्यांचा नकार मला मोडता येत नाही, हे कागदावर सही करून दिलंय. माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा कवितासंग्रह तसाच परत गेला. दिवाळीला घरात जे व्हायचं ते झालं.

लेखकाकडून पैसे घेणं बंद केल्यावर पुस्तकं निम्म्यावर आली. पत्रिकांच्या सीझनवर प्रकाशन तगून आहे, हे लपवत नाही. सध्या गुऱ्हाळघरांवरचं एक हस्तलिखित आलंय. मंडळात त्यातलं कळणारं कुणी नाही, म्हणून करवीर तालुक्यातल्या एका जुन्या गुळव्याकडं वाचायला पाठवलंय. त्यांची नात मोठ्यानं वाचून दाखवते, ते चुका सांगतात आणि ती समासात लिहिते.