मुलाच्या टिक्सची औषधं: आमचा अनुभव

लेक नऊ वर्षांचा. आधी डोळे मिचकवायचा, मग खांदा उडवायला लागला, मग घशातून सारखं खाकरणं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ड्रॉप्स दिले, ईएनटीने अ‍ॅलर्जीचं सिरप, सासूबाईंनी दृष्ट काढली, सगळं करून झालं. शेवटी पुण्यात मुलांच्या न्यूरोलॉजिस्टकडे गेलो तेव्हा कळलं की टूरेट आहे, म्हणजे अशा आपोआप होणाऱ्या हालचाली आणि आवाज, त्यांनाच टिक्स म्हणतात. आणि सोबत एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागणं, चुळबूळ. दोन्ही एकत्र बऱ्याच मुलांत असतं म्हणे.

मला वाटलेलं आता टिक्सची गोळी लिहून देतील. पण त्यांनी सरळ पोरालाच विचारलं, तुला जास्त त्रास कशाचा होतो रे? तर हा म्हणतो, "वहीत लिहून होत नाही, रोज ओरडा बसतो." खांद्याबद्दल चकार शब्द नाही! तो आम्हालाच खुपत होता.

मग क्लोनिडिन चालू केलं, ते टिक्स आणि एडीएचडी दोन्हीला थोडंफार लागू पडतं. मूळ औषध बीपीचं, त्यामुळे मेडिकलवाला विचारतो, "आजोबांची का?" रात्री पाव गोळी, ब्लेडने कापायची, त्यात निम्मा चुराच व्हायचा. सुरुवातीला पोरगं रिक्षातच झोपायचं. बीपी बघत बघत डोस वाढवला. टिक्स कमी झाल्या, गेल्या नाहीत, आणि त्या तशाही कमीजास्त होतात, दिवाळीच्या सुट्टीत गायब आणि युनिट टेस्ट आली की हजर, त्यामुळे औषधाने किती आणि आपोआप किती हे सांगणं अवघडच.

लक्ष मात्र लागेना. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध सुचवलं तेव्हा मी घाबरले, त्याने टिक्स वाढतात असं वाचलेलं. डॉक्टर म्हणाले ही जुनी भीती, २००२ च्या अमेरिकेतल्या ट्रायलमधे टिक्सवाल्या एडीएचडीच्या मुलांत हे आणि क्लोनिडिन एकत्र दिलेल्या गटाला सगळ्यात जास्त फायदा झाला, आणि मेथिलफेनिडेटवर टिक्स वाढल्याच्या तक्रारी डमी गोळीवाल्यांइतक्याच होत्या. औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीतलं, प्रिस्क्रिप्शनच्या दोन कॉपी लागतात, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि बऱ्याच दुकानात मिळतच नाही. भूक मेली, डबा तसाच परत यायचा. मग सकाळी गोळीआधी पोटभर पोळीभाजी आणि रात्री दूध-केळं असं बसवलं.

अ‍ॅरिपिप्राझोलचाही विषय निघालेला, टिक्सवर ते जास्त जोरदार, पण वजन वाढू शकतं. खांदा दुखायला लागला किंवा मुलं चिडवायला लागली तर बघू असं ठरलं.

आता वर्गात लिहून होतं. खाकरणं चालूच आहे. क्लोनिडिनची एक स्ट्रिप मात्र मी कायम जास्तीची ठेवते, गावाला जाताना पहिली तीच पिशवीत, कारण ते अचानक थांबवलं तर बीपी उसळतं.