ॲप्ट अपडेट अडलं? आधी बदललेलं फील्ड वाचा

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर पॅकेजं बसवणाऱ्या ॲप्टची ‘ॲप्ट-गेट अपडेट’ ही याद्या ताज्या करणारी कमांड चालवल्यावर कधीकधी ‘ई’ने सुरू होणारी ओळ येते: अमुक रिपॉझिटरीची (पॅकेजं जिथून येतात त्या साठ्याची) ‘कोडनेम’ व्हॅल्यू ‘बुकवर्म’ची ‘ट्रिक्सी’ झाली आहे, ती आधी मंजूर करा. नेटवर सापडेल ती कमांड लगेच पेस्ट करू नका. सूट (‘स्टेबल’सारखा रिलीजचा दर्जा), कोडनेम (‘बुकवर्म’सारखं रिलीजचं नाव), ओरिजिन (रिपॉझिटरी कुणाची), लेबल (तिचं वर्णन) यांपैकी नेमकं काय बदललंय, त्यावर उपाय ठरतो.

हा सहीचा किंवा कीचा घोळ नव्हे. रिपॉझिटरीची माहिती देणाऱ्या नव्या इनरिलीज फाइलवरची सही बरोबरच असते. ॲप्ट तिच्यातली माहिती /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स मधल्या जुन्या प्रतीशी ताडून पाहतं. तुमचं पिनिंग, म्हणजे कुठलं पॅकेज कुठून घ्यायचं याचे नियम, याच फील्डांवर चालतं, म्हणून ही खबरदारी. प्रेफरन्सेस फाइलमध्ये ‘ए=स्टेबल’ (सूट स्टेबल) असं पिन असेल आणि आज स्टेबल म्हणजे वेगळंच रिलीज असेल, तर पॅकेजं भलतीकडून येतील आणि कळणारही नाही.

असं पिन नसेल, तर सूट बदलणं निरुपद्रवी. 9 ऑगस्ट 2025 ला डेबियन 13, म्हणजे ट्रिक्सी, आलं आणि आधीचं बुकवर्म ‘स्टेबल’चं ‘ओल्डस्टेबल’ झालं. आताचं ॲप्ट यावर फक्त ‘एन’ने सुरू होणारी सूचना दाखवून पुढे जातं. डेबियन 10 च्या सुरुवातीच्या ॲप्टमध्ये मात्र अपडेट इथेच अडायचं, 10.10 मध्ये ते सुधारलं.

कोडनेम बदललं असेल तर थांबा. याचा अर्थ तुमच्या सोर्सेस फाइलमध्ये (रिपॉझिटरींचे पत्ते असतात ती) ‘बुकवर्म’ऐवजी ‘स्टेबल’ लिहिलंय. इथे ‘वाय’ (हो) दाबून नेहमीचं अपग्रेड चालवलं की मशीन दोन रिलीजांच्या मध्ये लटकतं: साधं ‘अपग्रेड’ कुठलंही पॅकेज काढत नाही, त्यामुळे काही पॅकेजं नवी होतात, काही मागेच राहतात. /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट आणि शेजारच्या सोर्सेस.लिस्ट.डी फोल्डरमध्ये ‘स्टेबल’च्या जागी ‘बुकवर्म’ आणि ‘स्टेबल-सिक्युरिटी’च्या जागी ‘बुकवर्म-सिक्युरिटी’ लिहा. नव्या डेब822 पद्धतीच्या फाइलींत हे ‘सूट्स:’ ओळीत असतं. ट्रिक्सीवर जायचं तेव्हा बॅकअप घेऊन, रिलीज नोट्स वाचून, ठरवून जा. सर्व्हरवर ‘स्टेबल’ लिहिणंच मला पटत नाही.

लेबल किंवा ओरिजिन बहुधा पीपीए (उबुंटूवरच्या खाजगी रिपॉझिटरी) आणि बाहेरच्या रिपॉझिटरींचं बदलतं. बहुतेकदा कुणीतरी वर्णन सुधारलेलं असतं, तरी त्या प्रकल्पाच्या पानावर एकदा खात्री करा. मग मंजुरी द्या, पण तेवढ्याच फील्डपुरती: ‘ॲप्ट-गेट अपडेट --अलाउ-रिलीजइन्फो-चेंज-लेबल’. शेवटचा ‘-लेबल’ गाळला तर सगळीच फील्डं एकदम मंजूर होतात.

यानंतरचं काम बरेच जण विसरतात. अपडेट्स आपोआप बसवणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्सचे नियमही ओरिजिन, लेबल, कोडनेम यांवरच जुळतात. 50अनअटेंडेड-अपग्रेड्स फाइलमध्ये जुनंच ओरिजिन राहिलं, तर त्या रिपॉझिटरीचे अपडेट्स आपोआप लागणं बंद होतं आणि एररही दिसत नाही. ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’च्या आउटपुटमध्ये ‘ओ=’ आणि ‘एल=’ची नवी मूल्यं दिसतात; ती फाइलमध्ये घाला आणि ‘अनअटेंडेड-अपग्रेड --ड्राय-रन --डीबग’ चालवून बघा.

टर्मिनलवर ‘ॲप्ट अपडेट’ हो-नाही विचारतं. ‘ॲप्ट-गेट’ न विचारता एरर देतं आणि 100 या एक्झिट कोडने बाहेर पडतं. क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट तो कोड न पाहता अपग्रेडकडे वळली, तर जुन्याच याद्या वाचून ‘0 अपग्रेडेड’ सांगते आणि सगळं आलबेल वाटतं.

लिस्ट्स फोल्डर रिकामं करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. एरर जाते खरी, पण ताडायला जुनी प्रतच उरत नाही, म्हणजे प्रश्न न वाचताच होकार दिल्यासारखं. सोर्सेस फाइलमध्ये ‘ट्रस्टेड=यस’ लिहिणं तर अजिबात नको; इथला अडथळा त्याने सुटत नाहीच, वर सहीची तपासणीही जाते.