एका नावावर एकच माणूस

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचा पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचे हिशेब) करायचा प्रोग्राम माझ्याकडे आहे, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेला. तिथं दिवाणजींच्या एकाच लॉगिनवर चौघं बसायची. हमाली-तोलाईची वजावट कुणी बदलली, हे ऐन सौद्यांच्या दिवसांत शोधायचं कसं? शेठ म्हणाले, "एका नावावर एकच माणूस. दुसरा आला की आत घेऊच नका."

अडचण तिथंच होती. कुणी ब्राउझर नुसता बंद केला किंवा लाइट गेली, तर सर्व्हरला त्याचा पत्ताच नसतो. माणूस स्वतः लॉगआउट करेल तेव्हाच कळणार, आणि ते कुणीही करत नाही. जँगोत सेशनची, म्हणजे एकदा केलेलं लॉगिन चालू राहण्याची, मुदत मुळात दोन आठवड्यांची. म्हणजे एकदा पीसी बंद पडला की दिवाणजीच दाराबाहेर! म्हणून मी उलटं सुचवलं: नव्याला आत घ्यायचं, जुन्याला काढायचं.

"म्हणजे चोर आत आणि माझा माणूस बाहेर?"

"हो, पण तुमच्या माणसाला पुढच्या क्लिकला कळेल की कुणीतरी घुसलंय."

हे पटायला चहाचे दोन कप गेले. आयपी पत्त्यावरून ओळखा, असं शेठच्या मुलानं सुचवलं. पण दुकानातले सगळे पीसी एकाच राउटरमागे, म्हणजे बाहेरून पत्ता एकच. आणि मोबाइलचा पत्ता केव्हाही बदलतो.

जँगोच्या सेशनच्या टेबलात युजरचा वेगळा रकाना नसतो, तो आतल्या डेटात गुंडाळलेला असतो. म्हणून वेगळं टेबल केलं: युजर, सेशन की (त्या सेशनचा ओळख-संकेत), शेवटची हालचाल. ही वेळ दर क्लिकला न लिहिता मिनिटाभराच्या अंतरानं लिहिली; डेटाबेसला उगाच ताप नको. जुनं सेशन नुसतं पुसलं तर समोरच्याला कोरं लॉगिनचं पान दिसतं, कारण कळत नाही. त्यामुळे नोंद न पुसता तिच्यावर 'बंद' अशी खूण केली. मिडलवेअर (प्रत्येक क्लिक आधी तपासणारा कोडचा थर) ती बघून निरोप दाखवतं आणि मगच बाहेर काढतं. दोघं एकाच क्षणी आले तर दोघंही आत राहू नयेत, म्हणून लॉगिनवेळी युजरची डेटाबेसमधली ओळ सिलेक्ट-फॉर-अपडेट या कुलपानं अडवून धरली. अर्धवट पट्टी आपोआप जतन होईल असंही केलं, नाहीतर दिवाणजींनी मला यार्डात पाऊल टाकू दिलं नसतं.

चौघांना चार लॉगिन दिले. मग शेठचा फोन आला: त्यांना स्वतःला पीसीवर आणि मोबाइलवर, दोन्हीकडे एकदम लागतं. आता मर्यादेचा आकडा प्रत्येक युजरच्या नोंदीत आहे. शेठच्या नावापुढे 2, बाकी सगळ्यांपुढे 1.